स्पष्ट चेहरा, धूसर शिवार : छायाचित्रातील स्पष्टतेची खोली आणि यवतमाळ जिल्ह्याचे इतिहासलेखन

सारांश

छायाचित्रातील कोणता भाग रेखीव दिसावा आणि कोणता धूसर राहावा, हे भिंगाच्या गुणधर्मावर तसेच छायाचित्रकाराच्या निवडीवर अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात या तंत्राच्या इतिहासाचा थोडक्यात आढावा घेऊन यवतमाळ जिल्ह्यातील शेतीसंकटाच्या छायाचित्रांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे. चेहरा स्पष्ट आणि शिवार धूसर ठेवणारी छायाचित्रे दुःखाची साक्ष देतात. परंतु त्या दुःखाची कारणे ज्या शिवारात आहेत, ते शिवार त्याच तंत्रामुळे पुराव्याबाहेर जाते, असे निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : छायाचित्रण, स्पष्टतेची खोली, पार्श्वभूमी, यवतमाळ, कापूस, दृश्य साधने.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याचे नाव उच्चारले की गेल्या दोन-अडीच दशकांत वृत्तपत्रे वाचत आलेल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. एक स्त्री उभी आहे किंवा उंबऱ्यावर बसली आहे. तिच्या हातात पतीची चौकटीत बसविलेली तसबीर आहे. तिच्या चेहऱ्यावरील प्रत्येक रेषा स्पष्ट दिसते. तिच्या मागे हिरवट-करड्या रंगाचा एक मऊ, आकारहीन पट्टा आहे. तो पट्टा म्हणजे तिचे शेत होय. त्यात कपाशी आहे की सोयाबीन, पीक उभे आहे की करपले आहे, धुऱ्यापलीकडे विहीर आहे की नाही, यांपैकी काहीही त्या छायाचित्रावरून सांगता येत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला लिखित साधनाची चिकित्सा करण्याची सवय असते. बखर कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, कोणता मजकूर गाळला, हे प्रश्न तो सहज विचारतो. छायाचित्र हाती आले की मात्र ही चिकित्सा बहुधा सैल होते. कारण यंत्राने टिपलेले ते सारे घडलेले, अशी धारणा असते. वास्तविक छायाचित्रातही मजकूर गाळला जातो. चौकटीच्या बाहेर राहिलेला भाग हा गाळलेला मजकूर असतो, ही गोष्ट सर्वमान्य आहे. चौकटीच्या आत असूनही धूसर करून गाळलेल्या मजकुराची दखल मराठी इतिहासलेखनात त्या मानाने कमी घेतली जाते. प्रस्तुत निबंधाचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा मजकूर आहे.

निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, स्पष्टतेच्या खोलीचे तंत्र आणि त्याचा इतिहास समजून घेणे. दुसरे, पश्चिम व मध्य भारतातील माणसांच्या छायाचित्रणात पार्श्वभूमीचे स्थान कसे बदलत गेले याचा मागोवा घेणे. तिसरे, यवतमाळच्या समकालीन छायाचित्रांचे साधन म्हणून वाचन कसे करावे याविषयी काही निकष सुचविणे. विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कोणत्याही एका छायाचित्रकारावर टीका करणे हा हेतू नाही.

स्पष्टतेची खोली : तांत्रिक स्वरूप

भिंग एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू पूर्ण रेखीव टिपू शकते. त्या अंतराच्या थोडे अलीकडे व थोडे पलीकडे असलेल्या वस्तू डोळ्यांना पुरेशा रेखीव भासतात. या अलीकडच्या व पलीकडच्या सीमांमधील पट्ट्याला छायाचित्रकार ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. या निबंधात त्यासाठी ‘स्पष्टतेची खोली’ अशी संज्ञा योजिली आहे. ही खोली प्रामुख्याने चार गोष्टींवर ठरते : भिंगाचे छिद्र किती उघडे आहे, भिंगाचे नाभीय अंतर किती आहे, विषय किती दूर आहे आणि प्रतिमा उमटणारी फिल्म अथवा संवेदक किती मोठा आहे. छिद्र मोठे, भिंग लांब पल्ल्याचे आणि विषय जवळ असेल तर खोली उथळ होते.

एका उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होईल. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग लावून दोन मीटरवरील माणसाचे छायाचित्र एफ/१.८ इतक्या मोठ्या छिद्राने घेतले, तर स्पष्टतेची खोली सुमारे १७ सेंटीमीटर भरते. म्हणजे डोळे आणि नाक रेखीव असताना मागच्या भिंतीवरील दिनदर्शिका वाचता येत नाही. तेच छायाचित्र एफ/१६ या लहान छिद्राने घेतले तर ही खोली सुमारे पावणेदोन मीटर होते. छायाचित्रकाराने आणखी पुढे जाऊन रेखीवपणाचे अंतर साधारण सव्वापाच मीटरवर ठेवले, तर एफ/१६ वर सुमारे २.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. माणूस आणि त्याचे संपूर्ण शिवार एकाच चित्रात रेखीव मिळविण्यासाठी छायाचित्रकाराला दोन-तीन पावले मागे सरकणे पुरेसे असते.

लहान छिद्राची किंमत प्रकाशात मोजावी लागते. एफ/१६ च्या तुलनेत एफ/१.८ छिद्रातून सुमारे ७९ पट प्रकाश आत येतो. त्यामुळे अंधाऱ्या घरात मोठे छिद्र ही बहुधा गरज असते. उघड्यावरची स्थिती वेगळी आहे. स्वच्छ उन्हात १०० संवेदनशीलतेच्या फिल्मवर एफ/१६ छिद्र आणि सेकंदाच्या सुमारे १/१०० भागाचे शटर पुरते, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. विदर्भातील उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे छायाचित्र लहान छिद्राने घेण्यास प्रकाशाची अडचण नसते. उलट, तेथे एफ/१.८ वापरायचे झाल्यास शटर सेकंदाच्या जवळजवळ १/८००० भागापर्यंत वेगवान करावे लागते. उन्हातल्या शेतातील धूसर पार्श्वभूमी ही म्हणून नाइलाजापेक्षा निवडीची खूण ठरते. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

नाइलाजाकडून निवडीकडे

छायाचित्रणाची घोषणा १८३९ मध्ये पॅरिसमध्ये झाली. प्रारंभीच्या काळात एका प्रतिमेसाठी काही मिनिटांचा अवधी लागे. १८४० मध्ये जोसेफ पेट्झव्हाल यांनी व्हिएन्नामध्ये व्यक्तिचित्रांसाठी एफ/३.६ च्या आसपासचे भिंग रचले. ते अधिक प्रकाश आत घेई, त्यामुळे व्यक्तीला ताटकळत बसण्याचा काळ कमी झाला. त्या भिंगाने मध्यभाग रेखीव आणि कडा धूसर येत. मोठ्या काचपट्ट्या, लांब नाभीय अंतर आणि मंद रसायने यांमुळे डोळे स्पष्ट आणि कान अस्पष्ट अशी चित्रे सर्रास निघत. या टप्प्यावर उथळ स्पष्टता ही तंत्राची मर्यादा होती.

मर्यादेचे रूपांतर अभिरुचीत होण्यास फार काळ लागला नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांनी १८६० च्या दशकात मुद्दाम मृदू ठेवलेली व्यक्तिचित्रे घेतली आणि समकालीन टीकाकारांनी त्यांना तांत्रिक अकौशल्याचा दोष दिला. पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ मध्ये मानवी दृष्टीचा दाखला देऊन मुख्य विषय रेखीव व उर्वरित भाग किंचित मृदू ठेवण्याचा पुरस्कार केला. याच्या विरुद्ध टोकाला १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. मोठ्या कॅमेऱ्यातील अतिशय लहान छिद्राचा आकडाच त्यांनी आपल्या नावात घेतला. अग्रभागापासून पार्श्वभूमीपर्यंत सर्व रेखीव असावे, ही त्यांची भूमिका होती.

चित्रपटाच्या क्षेत्रातही हा वाद झाला. १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये ग्रेग टोलँड यांनी जवळची व दूरची पात्रे एकाच वेळी स्पष्ट ठेवली. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी अशा दृश्यरचनेचे महत्त्व सांगताना असा युक्तिवाद केला की, सर्व काही स्पष्ट असेल तर कोठे पाहावे हे प्रेक्षक स्वतः ठरवू शकतो. इतिहासाच्या अभ्यासकासाठी या युक्तिवादाचा अर्थ सरळ आहे. सर्वत्र स्पष्ट असलेले छायाचित्र नंतरच्या पिढीला नवे प्रश्न विचारू देते. एकाच ठिकाणी स्पष्ट असलेले छायाचित्र प्रामुख्याने छायाचित्रकाराच्याच प्रश्नाचे उत्तर देते.

पश्चिम भारतात पार्श्वभूमीचे विलगीकरण

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध समाजांच्या छायाचित्रांचा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील अनेक चित्रांची रचना लक्षणीय आहे. माणसांच्या प्रतिमा एकीकडे घेऊन त्या वेगळ्याच स्थळाच्या प्रतिमेवर बसविण्यात आल्या. माणूस खरा, स्थळही खरे. त्यांचा परस्परसंबंध मात्र छायाचित्रकाराने जुळविलेला. पार्श्वभूमी ही विषयापासून सुटी करता येते, हा विचार पश्चिम भारतातील छायाचित्रणात इतका जुना आहे.

१८६८ ते १८७५ या काळात जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांच्या संपादनाखाली ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. तेथे व्यक्तीकडे जातीचा अथवा जमातीचा नमुना म्हणून पाहिले गेले. नमुन्याला गाव नसते, शेत नसते, सावकार नसतो. ज्या काळात वऱ्हाडातील शेतकरी कापसाच्या जागतिक बाजारपेठेत ओढला जात होता, त्याच काळात शासकीय ग्रंथांतील छायाचित्रे माणसाला त्याच्या आर्थिक परिसरातून बाजूला काढून वर्गीकरणाच्या कोष्टकात ठेवत होती.

दुष्काळाच्या छायाचित्रांनीही हीच वाट धरली. १८७६ ते १८७८ च्या मद्रास दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर यांनी उपासमारीने खंगलेल्या माणसांचे गट जमिनीवर बसवून टिपले. ती चित्रे विदारक आहेत. परंतु धान्य कोठे गेले, बाजारभाव काय होता, मदतकार्य कसे चालले होते, यांविषयी ती मूक आहेत. दुःख दिसावे आणि कारण दिसू नये, अशी ही परंपरा आहे.

याहून निराळा दृष्टिकोनही या परिसराला परिचित होता. यवतमाळच्या दक्षिणेस पैनगंगेपलीकडे असलेल्या आदिलाबाद भागात मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात गोंड व कोलाम समाजांत राहून अभ्यास केला. मारलावाई या गावी त्यांचे दीर्घ वास्तव्य होते. दीर्घ सहवासातून केलेल्या अशा छायाचित्रणात घर, विधी, अवजारे आणि शेतीकाम यांना माणसाइतकेच महत्त्व मिळते, कारण पाहणाऱ्याला ती माणसापासून वेगळी वाटेनाशी झालेली असतात. यवतमाळच्या केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील कोलाम पोडांचा अभ्यास करणाऱ्यास हा दृष्टिकोन आजही उपयोगी आहे.

यवतमाळ : धूसर पट्ट्यात काय आहे

छायाचित्रातील शिवार धूसर झाल्याने नेमके काय हरवते, हे कळण्यासाठी त्या शिवाराचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या प्रशासनाखाली दिला. १८६४ मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. जिल्ह्याच्या निर्मितीचा हा काळ अमेरिकन यादवी युद्धाचा, म्हणजे १८६१ ते १८६५ चा काळ होता. अमेरिकेतून लँकेशायरला जाणारा कापूस अडल्याने वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण नगदी पिकावरचे अवलंबन उरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी त्याची किंमत दाखवून दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग प्रामुख्याने कापसाच्या वाहतुकीसाठी उभा राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. पुढे ती मोडकळीस आली. २००२ मध्ये देशात बीटी कापसाच्या लागवडीस मान्यता मिळाली. कोरडवाहू जमीन, महागडे बियाणे, खत-औषधांचा वाढता खर्च, सावकारी व बँकेचे कर्ज आणि अनिश्चित भाव यांचे जाळे जिल्ह्याभोवती घट्ट होत गेले. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह केलेली आत्महत्या ही राज्यातील शेतकरी आत्महत्यांच्या इतिहासात पहिली नोंद म्हणून स्मरली जाते. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. त्या सुमारास देशोदेशीचे छायाचित्रकार जिल्ह्यात आले आणि आरंभी वर्णिलेले चित्र रूढ झाले.

या रूढ चित्रात वर उल्लेखिलेल्या घटकांपैकी काय दिसते? पतीचा चेहरा तसबिरीत दिसतो आणि पत्नीचा चेहरा तसबिरीमागे दिसतो. जमीन कोरडवाहू आहे हे विहिरीच्या अभावावरून कळले असते. ती विहीर दिसत नाही. घराच्या कोपऱ्यात भाव वाढण्याची वाट पाहत साठविलेला कापूस असतो. तो पांढुरका डाग होऊन राहतो. दुःखाला व्यक्तीचा चेहरा मिळतो आणि त्याच वेळी ते त्या व्यक्तीपुरते होऊन बसते. शासकीय मदतीसाठी एखादे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविताना मात्र चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही. तेथे सातबारा, कर्जाची थकबाकी आणि वसुलीचा तगादा यांचेच पुरावे मागितले जातात. म्हणजे छायाचित्राने जे धूसर केले, नेमके तेच त्या स्त्रीला कार्यालयात सिद्ध करावे लागते.

फवारणीचे प्रकरण : पार्श्वभूमी हाच पुरावा

या प्रतिपादनाची सर्वांत कठोर कसोटी २०१७ च्या खरीप हंगामात लागली. त्या वर्षी जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. वृत्तपत्रांतून आलेली अनेक छायाचित्रे रुग्णालयातील खाटांची होती : डोळ्यांवर पट्टी, सुजलेला चेहरा, शेजारी बसलेला नातलग.

विषबाधेच्या कारणांची चर्चा करताना पुढे आलेल्या गोष्टी मात्र शेताच्या होत्या. त्या हंगामात अनेक ठिकाणी पऱ्हाटी माणसाच्या खांद्यापर्यंत, काही ठिकाणी त्याहून उंच वाढली होती. दाट ओळींतून चालताना फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. अनेक औषधे एकत्र मिसळली जात होती. मजुराच्या अंगावर संरक्षक कपडे, हातमोजे अथवा मुखपट्टी नव्हती. पीक आणि माणूस यांच्या उंचीतील नाते हा येथे थेट पुरावा होता. उथळ स्पष्टतेच्या छायाचित्रात हे नाते मोजता येत नाही, कारण मोजण्यासाठी माणूस आणि झाड दोन्ही रेखीव असावी लागतात. पाठीवरील पंप, त्याची नळी, ओळींमधील अंतर आणि धुऱ्यावर पडलेले औषधांचे रिकामे डबे दाखविणारे एखादे साधे, सर्वत्र स्पष्ट छायाचित्र भावी अभ्यासकाला दहा हृदयस्पर्शी व्यक्तिचित्रांपेक्षा अधिक सांगेल.

दुसरी बाजू

उथळ स्पष्टतेच्या बाजूने मांडले जाणारे युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला युक्तिवाद व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा आहे. गरिबाचे छायाचित्र घेताना त्याच्या घरातील फाटके-तुटके सारे काही जगासमोर मांडण्याचा अधिकार छायाचित्रकाराला कोणी दिला? पार्श्वभूमी मृदू केल्याने व्यक्ती दारिद्र्याच्या प्रदर्शनातून सुटते आणि माणूस म्हणून समोर येते. वसाहतकालीन नमुन्याला नाव नव्हते. आधुनिक व्यक्तिचित्राला निदान नाव आणि नजर असते. दुसरा युक्तिवाद व्यवहाराचा आहे. मातीच्या भिंतींच्या, लहान खिडकीच्या घरात झगझगीत फ्लॅश मारण्यापेक्षा मोठे छिद्र वापरणे अधिक सभ्य असते. तिसरा युक्तिवाद परिणामाचा आहे. वाचकाचे लक्ष वेधले नाही तर मदतही येत नाही.

तिसऱ्या युक्तिवादाचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँग यांनी शेतमजुरांच्या तळावर एका मातेची अनेक छायाचित्रे घेतली. दुरून घेतलेल्या चित्रांत तंबू आणि उघडे माळरान दिसते. जगभर गाजलेल्या अखेरच्या चित्रात केवळ आई आणि तिला बिलगलेली मुले आहेत. त्या चित्राने लोकमत हलविले हे खरे. पण त्या स्त्रीचे नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळण्यास १९७८ साल उजाडावे लागले. परिणाम साधणारे चित्र आणि माहिती देणारे चित्र यांतील अंतर येथे स्पष्ट होते. लँग यांच्या बाबतीत दोन्ही प्रकारची चित्रे जपली गेली म्हणूनच आज ही तुलना करता येते.

या युक्तिवादांचा विचार करता उथळ स्पष्टता त्याज्य ठरत नाही. आक्षेप आहे तो तिच्या एकाधिकाराला. भारतीय पत्रकारितेत याला पर्यायही दिसतो. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत घेतलेल्या छायाचित्रांचे ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन ग्रामीण स्त्रियांच्या श्रमावर आधारलेले आहे. श्रम हा विषय असला की हातातील अवजार, डोक्यावरील भार आणि पायाखालची जमीन चित्राबाहेर ठेवता येत नाही. विषयच पार्श्वभूमीला चित्रात आणतो.

भ्रमणध्वनी आणि नवे वळण

एकविसाव्या शतकात कॅमेरा शेतकऱ्याच्याच हाती आला आणि या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. भ्रमणध्वनीचा संवेदक अतिशय लहान आणि भिंगाचे नाभीय अंतर अवघे काही मिलिमीटरचे असते. त्यामुळे बेताच्या किमतीच्या फोनवर काढलेल्या चित्रात माणूस आणि मागचे शिवार दोन्ही बहुधा स्पष्ट येतात. जे साधण्यासाठी छायाचित्रकाराला छिद्र लहान करावे लागे, ते येथे आपोआप घडते.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी हा उपक्रम सुरू झाला. शेतकरी आपल्या शेतातील उभ्या पिकाचे छायाचित्र अ‍ॅपद्वारे भरतो आणि स्थळाचे अक्षांश-रेखांश त्यासोबत नोंदले जातात. इतिहासाच्या दृष्टीने ही घटना लक्षणीय आहे. वृत्तपत्रीय चित्रात चेहरा होता आणि शेत नव्हते. या शासकीय चित्रात शेत आहे आणि चेहऱ्याची गरज नाही. एकाच शेतकऱ्याची दोन छायाचित्रे दोन निरनिराळ्या दप्तरांत जमा होत आहेत. भावी इतिहासकाराला ती एकमेकांशेजारी ठेवावी लागतील.

याच काळात उलट दिशेनेही बदल झाला. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये ‘पोर्ट्रेट मोड’ आला आणि नंतर स्वस्त फोनमध्येही ही सोय पसरली. येथे पार्श्वभूमी भिंगामुळे धूसर होत नाही. संगणकीय प्रक्रिया विषयाची कड ओळखून उर्वरित भाग पुसट करते. डोक्यावरच्या पदराची कड किंवा हातातील काडी कधी कधी त्यात विरघळून जाते. मोठ्या कॅमेऱ्याच्या चित्रातील धूसरपणा निदान अंतराची साक्ष देत असे : वस्तू जितकी दूर, तितकी पुसट. संगणकीय धूसरपणा अशी साक्ष देईलच याची हमी नाही. गावोगावच्या तरुणांनी लग्न-समारंभात, शेतात, पोळ्याच्या दिवशी बैलासोबत काढलेली हजारो चित्रे उद्याची साधने आहेत. त्यांतील शिवार मूळचे की पुसलेले, हे ओळखण्याचे कौशल्य अभ्यासकाला आत्मसात करावे लागेल.

साधनचिकित्सेचे निकष

उपरोक्त विवेचनावरून जिल्ह्यातील छायाचित्रांचा संग्रह किंवा अभ्यास करताना पुढील प्रश्न विचारणे उचित ठरेल. पहिला प्रश्न : चित्र उन्हातले की अंधाऱ्या जागेतले? उन्हातल्या चित्रातील धूसरपणाकडे निवड म्हणून पाहावे. दुसरा प्रश्न : धूसर भागात काय असण्याची शक्यता आहे आणि त्याची पडताळणी सातबारा, पीकपेरा, पंचनामा अथवा मौखिक साक्षीने करता येते काय? तिसरा प्रश्न : त्याच प्रसंगाची, त्याच हाताने काढलेली इतर चित्रे उपलब्ध आहेत काय? प्रसिद्ध झालेल्या एका चित्रामागे न छापलेली अनेक चित्रे असतात आणि त्यांत बहुधा शिवार दिसते. चौथा प्रश्न : चित्रातील व्यक्तीचे नाव, गाव आणि तिची संमती यांची नोंद आहे काय? पाचवा प्रश्न : चित्र फोनवरचे असल्यास त्याची मूळ प्रत व तिच्यासोबतची तांत्रिक नोंद जपली आहे काय?

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना या कामात थेट भाग घेता येईल. विद्यार्थी आपापल्या गावातून येतात आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. व्यक्तीचे एक जवळचे चित्र आणि त्याच जागेवरून चार पावले मागे जाऊन घेतलेले एक सर्वत्र स्पष्ट चित्र, अशी जोडी नाव-गाव-तारखेसह आणि संमतीने जतन करण्याचा साधा दंडक पाळला, तरी जिल्ह्याच्या दृश्य इतिहासाची पायाभरणी होऊ शकेल. यासाठी वेगळा निधी लागत नाही. शिस्त मात्र लागते.

निष्कर्ष

उथळ स्पष्टता ही आरंभी तंत्राची मर्यादा होती, पुढे ती अभिरुची झाली आणि आज ती फोनमधील एक कळ झाली आहे. पश्चिम व मध्य भारतातील माणसांच्या छायाचित्रणात पार्श्वभूमी सुटी करण्याची प्रवृत्ती एकोणिसाव्या शतकापासून दिसते. तिची साधने बदलली, परिणाम पुष्कळसा तोच राहिला. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या परिणामाला सामाजिक वजन आहे, कारण येथील संकटाची कारणे जमीन, पाणी, पीक, कर्ज आणि बाजार यांत आहेत आणि यांपैकी जे काही कॅमेऱ्याला दिसू शकते ते चेहऱ्याच्या मागे उभे असते.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूर येथील शेतकरी वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्यांच्या पतीने आत्महत्या केली होती. तसबीर हाती धरून मूक उभी राहणारी स्त्री म्हणून ज्या समूहाला देशाने पाहिले होते, त्या समूहातील एक स्त्री त्या दिवशी व्यासपीठावरून स्वतः बोलली आणि आपल्या परिस्थितीची कारणे तिने स्वतः मांडली. छायाचित्रात धूसर राहिलेले शिवार त्या बोलण्यात होते. इतिहासाच्या अभ्यासकाने छायाचित्र पाहताना ते बोलणेही त्याच्याशेजारी ठेवावे आणि चेहऱ्यावर थांबलेली नजर मागच्या धुऱ्यापर्यंत न्यावी, एवढीच या निबंधाची अपेक्षा आहे.